जोसेफ लिस्टर: जखमेचे जंतुनाशक आणि घरातला साबण

अँटिसेप्टिक हा शब्द मराठी घरांत आता पुरता रुळला आहे. अंघोळीचा साबण, हात धुण्याचे द्रव, दाढीनंतर लावायचे पाणी, फरशी पुसायचे औषध, सगळ्यांवर तो छापलेला असतो. साठी ओलांडलेल्या वाचकांना लाल कार्बोलिक साबणाचा उग्र वासही आठवत असेल. तो वास ज्या रसायनाचा, त्या कार्बोलिक आम्लाला, म्हणजेच फिनॉलला, शस्त्रक्रियेत मानाचे स्थान मिळवून देणारे सर्जन म्हणजे जोसेफ लिस्टर. दवाखान्यात अनेकदा विचारले जाते की घरात लहान मूल आहे, मग रोज अँटिसेप्टिक साबणच वापरायचा ना? या प्रश्नाचे उत्तर लिस्टर यांच्या आयुष्यात बरेचसे सापडते, कारण जंतुनाशक कुठे लागते आणि कुठे नाही हे शोधण्यातच त्यांची उमेदीची वर्षे गेली.

वडिलांचा सूक्ष्मदर्शक

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमध्ये लंडनच्या पूर्वेला असलेल्या अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधा पोशाख, साधे बोलणे, सचोटीचा व्यवहार. वडील जोसेफ जॅक्सन लिस्टर यांचा धंदा वाइनचा, पण जीव भिंगांत अडकलेला. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसे आणि बारीक तपशील हरवून जाई. दोन भिंगांची जोडी ठरावीक अंतरावर बसवली तर हा दोष जातो, हे या व्यापाऱ्याने गणिताने आणि हाताने दाखवून दिले. १८३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या माणसासाठी हा मोठा मान होता. मुलगा असा सूक्ष्मदर्शकाच्या सान्निध्यातच वाढला. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला तो पुढे इतरांपेक्षा लवकर तयार झाला, त्याचे मूळ मला तरी या घरात दिसते.

क्वेकरांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमध्ये पदवी मिळत नसे, म्हणून लिस्टर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकले. मध्येच भावाचा मृत्यू झाला, त्यांना स्वतःला देवी आल्या आणि नंतर मन इतके खचले की काही काळ शिक्षण सोडून द्यावे लागले. त्यातून सावरून १८५२ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्याआधी डिसेंबर १८४६ मध्ये त्यांच्याच कॉलेजच्या रुग्णालयात रॉबर्ट लिस्टन यांनी ईथरची भूल देऊन पाय कापण्याची शस्त्रक्रिया केली होती. भूल आल्याने रुग्णाच्या वेदना थांबल्या. सर्जनना घाई करण्याचे कारण उरले नाही, आणि शस्त्रक्रियांची संख्या वाढली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. टेबलावर वाचलेला रुग्ण आठवड्याभरात वॉर्डात जखम सडून दगावत होता.

न फाटलेली कातडी

१८५३ मध्ये लिस्टर एडिंबरोला जेम्स साइम या नामांकित सर्जनकडे गेले. जायचे होते काही आठवड्यांसाठी, पण तिथेच रमले. १८५६ मध्ये साइम यांची थोरली मुलगी ॲग्नेस हिच्याशी त्यांचे लग्न झाले. पंथाबाहेर लग्न करायचे म्हणून त्यांनी क्वेकर पंथ सोडला. लग्नानंतर हे जोडपे काही महिने युरोपात फिरले, तेही रुग्णालये पाहत. पुढे घरातल्या प्रयोगांच्या वह्या बहुतेक ॲग्नेसच्याच हस्ताक्षरात लिहिल्या गेल्या. बेडकाच्या पायाच्या पडद्यात दाह कसा सुरू होतो, रक्त कसे गोठते, याची निरीक्षणे ते सांगत आणि ती लिहून घेई.

१८६० मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन. तिथल्या वॉर्डांचे वर्णन आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही. सर्जन रक्ताने कडक झालेला जुना कोट घालून शस्त्रक्रिया करत. एकाच स्पंजने एकामागून एक रुग्णांच्या जखमा पुसल्या जात. घट्ट पिवळसर पू आला की जखम भरत आहे असे समजत आणि त्याला चांगला पू म्हणत. जखमा सडतात त्या वॉर्डातल्या दूषित हवेमुळे, असा बहुतेकांचा समज होता. मग उपाय काय, तर खिडक्या उघडा.

लिस्टर यांना एक साधी गोष्ट खटकत होती. हाड मोडले पण वरची कातडी शाबूत राहिली, तर आत कितीही रक्त साकळले तरी पू होत नाही आणि हाड जुळून येते. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले, तर जखम सडते आणि पाय कापावा लागतो किंवा माणूस जातो. दोन्ही रुग्ण एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर, एकच हवा घेत असतात. फरक फक्त कातडीचा.

हे निरीक्षण घरी साबण निवडतानाही लक्षात ठेवण्यासारखे आहे. निरोगी कातडी हा जंतूंपुढचा सर्वांत भक्कम अडसर आहे. तिच्या वरच्या थरात मेलेल्या पेशी आणि स्निग्ध पदार्थ विटा-चुन्यासारखे रचलेले असतात, पृष्ठभाग किंचित आम्ल असतो आणि त्यावर निरुपद्रवी जंतूंची मोठी वस्ती असते. ही वस्ती बाहेरून येणाऱ्या उपद्रवी जंतूंना सहज पाय रोवू देत नाही. ज्याची कातडी अशी शाबूत आहे त्याला अंघोळीत रोज जंतुनाशक लावून मिळण्यासारखे फारसे काही नसते. उलट ती कोरडी पडली, तडकली, खाजवून सोलवटली, की जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

पाश्चर आणि कार्लाइलची गटारे

१८६५ मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांचे लक्ष फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांच्या लेखांकडे वेधले. दूध आंबते, मांस सडते, ते हवेमुळे नव्हे तर हवेतल्या धुळीवरून येणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे पाश्चर यांनी दाखवले होते. ते जीव घालवायचे तर उकळणे, गाळणे किंवा रसायनाने मारणे असे तीन मार्ग होते. माणसाचा पाय उकळता येत नाही आणि गाळताही येत नाही. लिस्टर यांच्या हाती तिसरा मार्ग उरला.

त्याच सुमाराला इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरात मैल्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरत होते. तो मैला ज्या कुरणांत सोडला जाई तिथे चरणाऱ्या गुरांचा परजीवींमुळे होणारा रोगही कमी झाल्याचे लिस्टर यांच्या वाचनात आले. डांबरापासून काढलेले हे रसायन अँडरसन यांनी त्यांना मिळवून दिले. आलेला नमुना काळपट, चिकट आणि पाण्यात नीट न विरघळणारा होता.

मार्च १८६५ मधला पहिला प्रयत्न फसला. १२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस नावाच्या ११ वर्षांच्या मुलाला रुग्णालयात आणले. गाडीचे चाक डाव्या पायावरून गेले होते. नडगीचे हाड मोडून वर जखम झाली होती. लिस्टर यांनी जखमेत कार्बोलिक आम्ल लावले, त्यातच भिजवलेला कपडा वर ठेवला, तो सुकू नये म्हणून कथलाचा पत्रा झाकला आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा पू नव्हता. सडल्याचा वास नव्हता. कातडी मात्र लाल झाली होती, आणि ती लाली जंतूंमुळे नसून औषधामुळेच आहे हे लिस्टर यांनी ओळखले. त्यांनी लगेच आम्ल सौम्य केले. आधी पाण्यात मिसळून आणि मग ऑलिव्ह तेलात मिसळून ते लावले. सहा आठवड्यांनी मुलाचे हाड जुळले आणि तो स्वतःच्या पायांनी घरी गेला.

१८६७ मध्ये त्यांनी हे सगळे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मालिकेने लिहिले. १८७० साली त्यांनी अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. नवी पद्धत येण्यापूर्वी ३५ पैकी १६ रुग्ण दगावले होते, पद्धत आल्यानंतर ४० पैकी ६. आजच्या संशोधनाच्या कसोट्या लावल्या तर ही तुलना कच्ची आहे, कारण रुग्ण थोडे आहेत आणि काळ वेगवेगळा आहे. पण त्या वॉर्डात काम करणाऱ्याला फरक दिसायला आकडेशास्त्र लागत नव्हते.

जहाल औषध, मोजून

कार्बोलिक आम्ल जंतूंची प्रथिने गोठवून त्यांना मारते. अडचण अशी की ते माणसाच्या पेशींचीही प्रथिने तितक्याच तत्परतेने गोठवते. शुद्ध फिनॉल कातडीवर सांडले तर ती पांढरी पडते, बधिर होते आणि भाजते. ते कातडीतून रक्तातही शिरते. त्या काळी रुग्णांची लघवी हिरवट-काळी होई, ते या विषबाधेचे लक्षण होते. सर्जनांचे हातही पांढरे पडून भेगाळत.

म्हणून लिस्टर यांचे पुढचे बरेचसे काम मात्रेचे आहे. उपकरणांसाठी २० भागांत १ भाग, स्पंजसाठी आणि हातांसाठी ४० भागांत १ भाग, अशी मापे ठरत गेली. औषध पाण्यातून द्यावे की तेलातून, लाखेतून की जाळीच्या कापडातून, यावर ते वर्षानुवर्षे प्रयोग करत राहिले. त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील याच काळातला आहे. कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी ते थेट जखमेवर ठेवत नसत. मध्ये तेल लावलेल्या रेशमी कापडाचा पातळ पडदा घालत, तो कशासाठी, तर नव्याने भरणाऱ्या मांसाला औषध लागू नये म्हणून. ज्या माणसाने जंतुनाशकाचा पुरस्कार जन्मभर केला, त्यानेच जखमेला जंतुनाशकापासून जपले.

आपल्याकडे समज नेमका उलटा आहे. जितके जास्त झोंबते तितके औषध चांगले, असे अनेकांना वाटते. अँटिसेप्टिक द्रव न मिसळता जखमेवर ओतल्यामुळे भोवतालची कातडी भाजलेले, किंवा अंघोळीच्या बादलीत अर्धे झाकण, एक झाकण असे अंदाजाने रोज टाकल्यामुळे मुलाच्या अंगावर लाल खाजरे चट्टे उठलेले रुग्ण कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात दिसतात. बाटलीवर पाण्याचे प्रमाण लिहिलेले असते. ते शोभेसाठी नसते.

घरात विळीने, पत्र्याने किंवा पडल्यामुळे झालेली साधी जखम असेल, तर आधी स्वतःचे हात धुवावेत. मग पिण्यायोग्य वाहत्या पाण्याखाली जखम काही मिनिटे धरावी, म्हणजे माती आणि कचरा निघून जातो. भोवतालची कातडी साध्या साबणाने धुवावी. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे आणि कोरडी, स्वच्छ पट्टी बांधावी. अशा जखमेचे निम्म्याहून अधिक काम पाणीच करते. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे औषध एखाद वेळी लावायला हरकत नाही, पण दिवसातून चार वेळा ओतत राहिल्याने जखम लवकर भरत नाही. कॉफीची पूड, टूथपेस्ट, चुना यांना तर जखमेपाशी फिरकू देऊ नये. जखम खोल असेल, कडा जुळत नसतील, गंजलेली वस्तू किंवा शेणामातीशी संबंध आला असेल, धनुर्वाताच्या लशीचा पत्ता नसेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर घरी उपचार करत बसू नये. जखमेभोवतीची लाली पसरत चालली, ताप आला, ठणका वाढला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावले तर साबण हे खरोखर जीव वाचवणारे औषध आहे. ताबडतोब साबण आणि वाहते पाणी घेऊन जखम पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण अंदाजाने १५ मिनिटे फार लवकर होतात. मग पोव्हिडोन आयोडीन लावून त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जावे. धुणे लशीच्या बदली नाही आणि लस धुण्याच्या बदली नाही.

फवारा आणि राणी

लिस्टर यांना विरोध भरपूर झाला. क्लोरोफॉर्मचे जेम्स सिम्प्सन म्हणाले की कार्बोलिकचा वापर फ्रान्समध्ये आधीच झाला आहे, यात नवे काय. लिस्टर यांचे उत्तर असे की नवेपण रसायनात नाही, जंतूंना जखमेपर्यंत पोहोचू न देण्याच्या तत्त्वात आहे. अनेकांनी त्यांची पद्धत अर्धवट वापरली. पट्टीवर थोडे कार्बोलिक शिंपडायचे, पण हात आणि सुरी तशीच, आणि मग पद्धत फसली म्हणून ओरड. जर्मन सर्जनांनी ती काटेकोरपणे उचलली आणि आपले वॉर्ड बदलून दाखवले. मायदेशात, विशेषतः लंडनमध्ये, वेळ लागला.

१८६९ मध्ये लिस्टर एडिंबरोला परतले. १८७१ मध्ये बाल्मोरल येथे व्हिक्टोरिया राणीच्या काखेतले गळू त्यांनी कापले. पू नीट वाहून जाईना, तेव्हा फवाऱ्याच्या यंत्राची रबरी नळी कापून, ती कार्बोलिकमध्ये बुडवून त्यांनी आत बसवली. राणी बरी झाली.

हा फवारा त्यांनी त्याच वर्षी आणला होता. हवेतले जंतू जखमेवर पडण्याआधीच मरावेत म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना टेबलाभोवती कार्बोलिकचा धुका उडवत. डॉक्टर खोकत, डोळे चुरचुरत, सगळे ओले होत. जवळजवळ वीस वर्षे हे चालले. हळूहळू लक्षात आले की जखमेला मुख्य धोका हवेचा नसून हातांचा, उपकरणांचा, स्पंजचा आणि पट्ट्यांचा आहे. १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत लिस्टर यांनी फवारा सोडल्याचे सांगितले आणि तो कधी सुचवला याबद्दल खेदही व्यक्त केला. जगभर कीर्ती झालेल्या माणसाने भरसभेत हे बोलणे सोपे नव्हते. करोनाच्या काळात माणसांवर जंतुनाशकाचे फवारे मारणारे बोगदे उभे राहिले, तेव्हा अनेक डॉक्टरांना हा प्रसंग आठवला असेल.

साबणवाल्यांची बाजू

लिस्टर यांचा एक विरोधक मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावा असा आहे. बर्मिंगहॅमचे लॉसन टेट पोटाच्या शस्त्रक्रिया करत. त्यांना जंतूंचा सिद्धान्तच मान्य नव्हता आणि कार्बोलिक त्यांनी वर्ज्य केले होते. पण स्वच्छतेच्या बाबतीत ते कमालीचे कडक होते. साबण, पाणी, स्वच्छ उपकरणे. त्यांचे रुग्ण मोठ्या संख्येने वाचत. टेट यांचा सिद्धान्त चुकीचा आणि हात स्वच्छ होते. लिस्टर यांचा सिद्धान्त बरोबर होता, पण शस्त्रक्रियेच्या वेळी ते साधा कोट काढून, बाह्या सरसावून, कमरेला टॉवेल खोचून उभे राहत. निर्जंतुक झगा त्यांनी कधी फारसा मनावर घेतला नाही.

यातून पुढचे पाऊल जर्मनीत पडले. जंतू जखमेत शिरल्यावर मारण्यापेक्षा ते तिथपर्यंत जाऊच नयेत म्हणून उपकरणे आणि पट्ट्या वाफेवर निर्जंतुक करायला बर्लिनमध्ये एर्न्स्ट फॉन बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली. अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशकांमुळे इसब झाले. सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. १८९० मध्ये दोघांनी लग्नही केले. आज रुग्णाच्या रक्षणासाठी घातले जाणारे हातमोजे असे मुळात जंतुनाशकापासून कातडी वाचवण्यासाठी आले.

साबण स्वतः काय करतो, हेही इथे सांगायला हवे. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला चिकटते आणि दुसरे पाण्याला. हातावरचा तेलकट मळ, त्यात अडकलेले जंतू हे सगळे तो कातडीवरून सुटे करतो आणि पाणी ते वाहून नेते. फ्लू किंवा करोनासारख्या विषाणूंचे बाहेरचे आवरणच स्निग्ध असते, ते तर साबणाने फाटते. जंतू मेला काय किंवा मोरीतून वाहून गेला काय, हात स्वच्छ झाल्याशी मतलब. साबणात वेगळे जंतुनाशक घातले तरी त्याला काम करायला वेळ लागतो, आणि आपण तर हात दहा सेकंदांत धुऊन मोकळे होतो.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. कराचीच्या गरीब वस्त्यांत झालेला एक मोठा अभ्यास २००५ मध्ये लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांना साधा साबण, काहींना जंतुनाशक घातलेला साबण दिला आणि हात धुण्याची सवय लावली. बाकीच्यांना यातले काही दिले नाही. साध्या साबणाच्या घरांत पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी आणि पंधरा वर्षांखालील मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी झाले. कातडीवर पिवळी खपली धरणारे फोडही घटले. जंतुनाशक साबणाच्या घरांत याहून काही लक्षणीय फरक पडला नाही. लोकांना वाचवले ते साबणाने आणि सवयीने, साबणातल्या जादा रसायनाने नव्हे.

सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसान आणि ट्रायक्लोकार्बन धरून १९ रसायने असलेल्या घरगुती हातधुण्याच्या आणि अंघोळीच्या साबणांची विक्री थांबवली. ही रसायने रोज, वर्षानुवर्षे वापरायला सुरक्षित आहेत आणि साध्या साबणापेक्षा जास्त उपयोगी आहेत, हे कंपन्यांना सिद्ध करता आले नव्हते. क्लोरोझायलेनॉलसारख्या काही रसायनांबाबत निर्णय पुढे ढकलून आणखी पुरावा मागवला गेला. रुग्णालयांत वापरायच्या जंतुनाशकांना हा नियम लागू नव्हता, आणि तसाच तो असायला हवा. सर्जनच्या हातांची गरज आणि पोळ्या लाटणाऱ्या हातांची गरज एक नाही.

घरी अँटिसेप्टिक साबण कधीच लागत नाही असे मात्र नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी क्लोरहेक्सिडिनने अंघोळ करायला सर्जन सांगू शकतात. वारंवार गळवे होणाऱ्या कुटुंबाला काही दिवसांसाठी ते दिले जाते. घरी रुग्णाला नळी किंवा कॅथेटर असेल, तर ती हाताळण्याची रीत रुग्णालयातून शिकून घ्यावी लागते. या सगळ्यांत औषध कोणते, किती आणि किती दिवस हे ठरलेले असते. इसब असलेल्या किंवा तान्ह्या मुलाच्या रोजच्या अंघोळीत मात्र ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय वापरू नये. बाकी घराने वीस सेकंद हात चोळून धुवावेत. शौचाहून आल्यावर, बाळाचे लंगोट बदलल्यावर, कच्च्या मांस-मासळीला हात लागल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी. नखांखाली आणि बोटांच्या बेचक्यांत साबण पोहोचला पाहिजे. वडी लाल असो, पांढरी असो, ती ओलीचिंब चिखलात पडून न राहता पाणी निथळणाऱ्या डबीत असावी, एवढे पुरे.

अखेरची वर्षे

१८७७ मध्ये लिस्टर लंडनच्या किंग्ज कॉलेजात गेले. त्याच वर्षी मोडलेली गुडघ्याची वाटी उघडी करून तारेने जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी केली. बंद सांधा मुद्दाम उघडणे तोवर आततायीपणाच समजला जाई. त्याआधी १८७६ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय परिषदेला जाऊन आले होते. तीन वर्षांनी अमेरिकेत सेंट लुइसच्या एका डॉक्टरने शस्त्रक्रियेसाठी एक जंतुनाशक द्रव बनवला आणि त्याला लिस्टर यांचे नाव दिले. पुढे तो गुळण्या करण्याचे औषध म्हणून घरोघर पोहोचला. अनेकांना लिस्टर हे नाव आज तेवढ्यासाठीच माहीत असते.

मान खूप मिळाले. १८९५ ते १९०० या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १८९७ मध्ये त्यांना लॉर्ड हा किताब मिळाला. डिसेंबर १८९२ मध्ये पाश्चर यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला पॅरिसमध्ये दोघे भेटले तेव्हा सभागृहाने त्यांचे एकमेकांना मिठी मारणे पाहिले.

त्यानंतर काही महिन्यांतच, १८९३ च्या वसंतात, इटलीतल्या रापालो या गावी सुटीवर असताना ॲग्नेसला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत ती गेली. त्यांना मूल नव्हते. घरातल्या प्रयोगांच्या वह्या तिच्या अक्षरात होत्या आणि त्या पुढे लिहायला कोणी उरले नाही. लिस्टर यांनी रुग्ण पाहणे जवळजवळ थांबवले. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंट परगण्यात वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत झाला. तिथेच थोरामोठ्यांच्या रांगेत त्यांना जागा मिळू शकली असती. पण त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना वेस्ट हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत नेले आणि ॲग्नेसच्या शेजारी पुरले.